गतवैभव असलेला कॉलेज फुटबॉल संघ पुन्हा उभा कसा करायचा: नेब्रास्काच्या उदाहरणातून

अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात शिकायला गेलेल्या मराठी मुलांना ऑगस्ट संपता संपता एक गोष्ट कळते. शनिवारी ते गाव विद्यापीठाचं उरत नाही, फुटबॉलचं होतं. हा फुटबॉल कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा नव्हे, हेल्मेट घालून लंबगोल चेंडूनं खेळतात तो. लिंकन, ॲन आर्बर, टस्कलूसा अशा गावांत सगळा हिवाळा कसा जाणार हे शरद ऋतूतल्या १२ सामन्यांवर ठरतं. ज्या गावानं एके काळी राष्ट्रीय विजेतेपदं पाहिली, तिथं संघ वीस-वीस वर्षं घसरत राहिला, तर ते दुखणं घरातल्या जुन्या आजारपणासारखं सगळ्यांच्या बोलण्यात असतं.

असा संघ पुन्हा उभा करायचा तर सुरुवात कुठून करायची, काय आधी, काय नंतर आणि कशाची घाई करायची नाही, ते इथं क्रमानं मांडतो आहे. क्रीडाव्यवस्थापन शिकणाऱ्यांना, एखाद्या संघाच्या आकडेवारी विभागात मदतनीस म्हणून काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि ‘आपलं विद्यापीठ दर वर्षी असं का हरतं?’ या प्रश्नानं हैराण झालेल्या माजी विद्यार्थ्यांना याचा उपयोग व्हावा. वाचताना तुम्ही ॲथलेटिक डायरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागप्रमुखाच्या, खुर्चीत बसला आहात असं धरा.

मुख्य उदाहरण नेब्रास्काचं घेतो. जेमतेम २० लाख वस्तीचं शेतीप्रधान राज्य, लिंकन हे राजधानीचं गाव, आणि तिथल्या मेमोरियल स्टेडियमची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपलेली. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं संघ हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी पात्रही ठरला नाही, तरी त्यात खंड पडला नाही. इतकं प्रेम, इतका पैसा असूनही संघ का उठत नव्हता?

पहिली पायरी: वैभव कशावर उभं होतं ते लिहून काढा

बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि थेट नवा कोच शोधायला लागतात. माझ्या मते सगळी फसगत इथूनच सुरू होते. जुने दिवस परत आणायचे असं सगळेच म्हणतात, पण ते दिवस नेमके कशामुळं आले होते याचा हिशेब कुणी मांडत नाही.

नेब्रास्काचा हिशेब असा. बॉब डेव्हनी १९६२ मध्ये हेड कोच म्हणून आले. ११ हंगामांत १०१ विजय, २० पराभव, २ बरोबरी, आणि १९७० व १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ हेड कोच होते. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन विजेतेपदं, त्यातलं शेवटचं मिशिगनबरोबर विभागून. २५ वर्षांत एकाही हंगामात ९ पेक्षा कमी विजय नाहीत. अखेरच्या पाच हंगामांत ६० विजय, ३ पराभव.

हे कशानं झालं?

एक, व्यायामशाळा. १९६९ मध्ये नेब्रास्कानं बॉइड एप्ली यांना खेळाडूंची ताकद वाढवण्याच्या पूर्णवेळ कामावर घेतलं, तेव्हा बहुतेक कोच ‘वजनं उचलली की खेळाडू मंद होतो’ असं मानत. नेब्रास्काला इतरांच्या आधी कित्येक वर्षांची आघाडी मिळाली. दोन, वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात येणारी मुलं. राज्यात दुसरा मोठा संघ नाही, त्यामुळं गावोगावची शेतकऱ्यांची धिप्पाड पोरं स्वखर्चानं लिंकनला येत, तीन-चार वर्षं घाम गाळत आणि त्यातली काही शेवटी पहिल्या अकरात खेळत. तीन, ऑप्शन पद्धतीचं आक्रमण. आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकनं चेंडू स्वतः घेऊन पळायचं की बाजूच्याला द्यायचा, हे धावता धावता ठरवायचं. प्रतिस्पर्ध्याला त्याची तयारी करायला एकच आठवडा मिळे, तो पुरत नसे. चार, टीव्ही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रक्षेपणावरची एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशव्यापी संस्थेची, मक्तेदारी मोडली. तोवर मोजकेच संघ टीव्हीवर दिसत, आणि नेब्रास्का त्यात असे. पाच, सलगता. ३६ वर्षांत दोनच हेड कोच, आणि सहायकही वर्षानुवर्षं तेच.

आता कागदावर तीन रकाने करा: ‘गेलं’, ‘उरलं’ आणि ‘बदलून वापरता येईल’.

टीव्हीचा फायदा गेला, कारण आता सगळेच दिसतात. व्यायामशाळेतली आघाडी गेली, कारण एप्लींच्या वाटेनं सगळे गेले. शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९७३ मध्ये १०५ होती, ती उतरत १९९४ पर्यंत ८५ वर आली, आणि मोठे संघ पूर्वी साठवून ठेवत ती चांगली मुलं इतर विद्यापीठांत विखुरली. १९९६ मध्ये नेब्रास्का ‘बिग ट्वेल्व्ह’ या, आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या, गटात गेला, आणि प्रवेशाचे निकष अर्धवट पूर्ण करणाऱ्या खेळाडूंवर त्या गटानं मर्यादा घातली. ओक्लाहोमाशी दर वर्षी होणारी लढतही बंद पडली. २०११ मध्ये संघ ‘बिग टेन’मध्ये गेला आणि टेक्सासमध्ये नियमित खेळणं संपलं, म्हणजे तिथल्या शाळकरी खेळाडूंच्या नजरेसमोर राहणंही संपलं.

उरलं काय? लोक, पैसा, राज्यात प्रतिस्पर्धी नसणं. बदलून वापरता येईल असं? वॉक-ऑन. पूर्वी संघात दीडशेहून अधिक मुलं असत. २०२५ पासून शिष्यवृत्त्यांची मर्यादा उठली, पण एकूण संघ १०५ चाच ठेवायचा असा नियम आला. म्हणजे ‘पुष्कळ घ्या, त्यातून काही निघतील’ हे आता चालणार नाही. मोजकी मुलं, पण नीट पारखून घ्यावी लागतील.

तुमच्या संघासाठी हा कागद तयार करताना जुन्या खेळाडूंना विचारा, पण त्यांच्या आठवणींवर थांबू नका. त्या काळची संघयादी काढा आणि कोण कुठून आला, कितव्या वर्षी खेळायला लागला, ते मोजा. आठवणीत विजय राहतात, यादीत कारणं सापडतात.

दुसरी पायरी: कोचच्या वरची माणसं आधी ठीक करा

२००३ मध्ये हेड कोच फ्रँक सोलिच यांना नेब्रास्कानं काढलं, तेव्हा त्या हंगामाचा हिशेब ९-३ होता, म्हणजे ९ विजय, ३ पराभव. पुढच्याच वर्षी ५-६ झाला. १९६१ नंतरचा तो पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग ३५ वर्षं बोल सामना खेळण्याची परंपराही तिथं तुटली. नंतरचे हेड कोच बो पेलिनी यांनी सातही हंगामांत किमान ९ सामने जिंकले. २०१४ च्या अखेरीस तेही गेले. दोन्ही वेळा तक्रार एकच होती: ‘पूर्वीसारखं नाही.’ दोन्ही वेळा पुढं जे आलं ते त्याहून वाईट होतं. पेलिनींच्या बाबतीत वागणुकीचे प्रश्न होते हे खरं, पण ९ विजयांना अपयश म्हणायची सवय लागली की विद्यापीठ दर चार वर्षांनी शून्यापासून सुरुवात करत राहतं.

त्यातच क्रीडा विभागप्रमुखही बदलत राहिले. २००७ मध्ये स्टीव्ह पेडरसन गेले आणि खुद्द ऑस्बर्न त्या जागी आले. मग शॉन आयकहॉर्स्ट, बिल मूस, ट्रेव्ह अल्बर्ट्स, आणि २०२४ पासून ट्रॉय डॅनेन. नव्या प्रमुखाला आपला कोच हवासा वाटतो, आणि जुन्या कोचला आपण कुणाचे हे कळेनासं होतं.

म्हणून कोच शोधण्याआधी तीन गोष्टी लेखी करा. पहिल्या तीन वर्षांत किती प्रगतीला आपण प्रगती म्हणणार, हे विद्यापीठाचे अध्यक्ष, नियामक मंडळ आणि मोठे देणगीदार यांच्याकडून कबूल करून घ्या. देणगीदारांनी कोचशी थेट बोलायचं नाही, तुमच्यामार्फतच बोलायचं, हे ठरवा. तिसरी गोष्ट कराराची, आणि तिच्याकडे वकिलांइतकंच लक्ष तुम्ही द्या. हेड कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. मुदतपूर्व काढल्याची भरपाई, ज्याला ‘बायआउट’ म्हणतात, १ ऑक्टोबरला दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होती. तीन आठवडे थांबले असते तर निम्मी रक्कम वाचली असती. अशी तारीख हंगामाच्या मध्यावर ठेवूच नका. ती डिसेंबरात ठेवा, म्हणजे निर्णय कॅलेंडर बघून नव्हे, खेळ बघून घेता येईल.

तिसरी पायरी: कोच निवडताना

घरचाच माणूस घ्यावा का? फ्रॉस्ट यांच्याकडे बघा. नेब्रास्काच्या मातीतला मुलगा, १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, आणि कोच म्हणून सेंट्रल फ्लोरिडाचा संघ, जो २०१५ मध्ये ०-१२ होता, तो २०१७ मध्ये १३-० वर नेलेला. याहून चांगला उमेदवार कागदावर सापडला नसता, आणि २०१८ मध्ये ती निवड मलाही अगदी योग्य वाटली असती. लिंकनमधला त्यांचा हिशेब मात्र १६ विजय, ३१ पराभव.

यावरून ‘घरचा माणूस नको’ असा नियम काढणं चुकीचं ठरेल. चूक माणसापेक्षा चौकशीत होती. फ्रॉस्ट यांनी सेंट्रल फ्लोरिडाचे सहायक जवळजवळ जसेच्या तसे आणले. तिथला गट वेगाचा होता. बिग टेन हा विस्कॉन्सिन आणि आयोवासारख्या, आक्रमण आणि बचाव, दोन्हींच्या पुढच्या रेषेवर भारी माणसं उभी करून हळूहळू दमवणाऱ्या संघांचा गट. तिथं नोव्हेंबरच्या थंडीत काय लागतं, हे आधी जगलेले सहायक कमी होते.

मुलाखतीत उमेदवाराला विचारा: पहिल्या वर्षी तुम्ही किती हरलात, आणि तेव्हा काय बदललं नाही? तुमचे सहायक कोण, आणि त्यातले किती या गटात खेळलेले किंवा शिकवलेले? आहेत त्या खेळाडूंपैकी कोण तुम्हाला हवेत? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ असं उत्तर आलं, तर त्यानं संघाच्या सामन्यांच्या चित्रफिती पाहिलेल्या नाहीत असं समजा.

फ्रॉस्ट यांच्यानंतर आलेल्या मॅट रूल यांची निवड या अर्थानं विचारपूर्वक होती. त्यांनी टेंपल विद्यापीठाच्या संघाला २-१०, ६-६, १०-४ अशा पायऱ्यांनी वर आणलं, बेलर विद्यापीठाच्या संघाला १-११, ७-६, ११-३ असं. पडलेला संघ दोनदा उचलल्याचा पुरावा असलेली माणसं फार नसतात.

चौथी पायरी: पहिले साठ दिवस आणि संघाची शिडी

कोच आला की पहिला फोन आहे त्या खेळाडूंना जायला हवा. नव्या भरतीला नंतर. २०२१ पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता दुसरीकडे जाऊ शकतो, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून स्वतःच्या नावावर, प्रसिद्धीवर पैसेही मिळवू शकतो. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची नोंदयादी, आता जानेवारीतले जेमतेम दोन आठवडे उघडी असते. शाळकरी मुलांच्या सह्या त्याआधीच, डिसेंबरच्या सुरुवातीला होतात. म्हणजे नव्या कोचला आधी शाळकरी मुलं, मग पोर्टल, आणि त्या सगळ्यात आपली मुलं राखणं, हे एका महिन्यात करावं लागतं.

त्यासाठी शिडी आखा. एका बाजूला जागा (क्वार्टरबॅक, आक्रमक रेषा, बचावाची रेषा, लाइनबॅकर वगैरे), दुसऱ्या बाजूला वर्षं: पहिलं ते पाचवं. प्रत्येक चौकोनात नाव लिहा. आक्रमक रेषेत मला साधारण १६ नावं हवीत, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे चौकोन भरलेले हवेत. घसरलेल्या संघांत हेच चौकोन रिकामे असतात, कारण कोच बदलला की मधल्या वर्षांची मुलं निघून जातात.

रिकामे चौकोन पोर्टलमधून भरायचे का? भरा, पण काय भरताय ते ओळखून. दोन उदाहरणं शेजारी ठेवा. इंडियाना, पराभवांच्या इतिहासासाठीच ओळखलं जाणारं विद्यापीठ, २०२३ मध्ये ३-९ होतं. कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले, जेम्स मॅडिसन विद्यापीठातले आपले तयार खेळाडू घेऊन आले, आणि २०२४ मध्ये संघ ११-२ झाला. २०२५ च्या हंगामात तर राष्ट्रीय विजेता. दुसरीकडे फ्लोरिडा स्टेट. जुनं वैभव, कोच माइक नॉरव्हेल यांच्या हाताखाली २०२० मध्ये ३-६, मग चढत २०२३ मध्ये १३-१. त्यातले मोठे खेळाडू बाहेरून आलेले. ते गेले, जागा पुन्हा बाहेरूनच भरल्या, आणि २०२४ मध्ये संघ २-१० वर आपटला.

फरक कुठं? सिग्नेटींनी आणलेली मुलं त्यांच्याच पद्धतीत वाढलेली होती, आणि त्यांची पारख नावावर नव्हे, खेळून दाखवलेल्या कामावर होती. म्हणून माझी शिफारस अशी: रेषेवरचे खेळाडू शाळेतून घ्या आणि वाढवा. बाहेरून घ्यायचेच, तर दोन हंगाम पूर्णवेळ खेळलेले घ्या. आणि पोर्टलमधून आलेल्या प्रत्येक नावामागं त्याच जागेचा एक तरुण खेळाडू तयार होतो आहे ना, हे दर महिन्याला पाहा.

पाचवी पायरी: व्यायामशाळा आणि रेषा

चेंडूजवळ समोरासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांना टीव्हीवर कुणी बघत नाही. पण पडझड झालेला संघ जिथं खऱ्या अर्थानं सावरतो ती जागा हीच. अठरा वर्षांचा मुलगा १२० किलोचा येतो. त्याला १३५-१४० किलोचा, तरीही चपळ आणि शहाणा लाइनमन व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. त्याला जवळची वाट नाही. चार सामन्यांपर्यंत खेळवूनही पहिलं वर्ष राखून ठेवता येतं, म्हणजे ‘रेडशर्ट’ करता येतं. ही सवलत रेषेवरच्या मुलांसाठी हातचं न राखता वापरा.

मिशिगनचं पाहा. २०२० मध्ये २-४. विद्यापीठानं कोच जिम हारबॉ यांना काढलं नाही. पगार कमी करून करार नवा केला, आणि सहायकांची मोठी अदलाबदल झाली. बचावासाठी बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून माइक मॅकडोनल्ड आले, आक्रमक रेषेकडे शेरॉन मूर गेले. २०२१ मध्ये ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं, २०११ नंतर प्रथमच. देशातल्या सर्वोत्तम आक्रमक रेषेला मिळणारा जो मूर पुरस्कार २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी मिशिगनला. २०२३ मध्ये १५-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. या काळावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून टिपल्याच्या प्रकरणाचा डाग आहे, आणि तो पुसून हे उदाहरण सांगू नये. पण त्या रेषेनं समोरच्याला पाच-पाच यार्ड मागं ढकललं, ते खुणा कळल्यामुळं नव्हे.

कामाच्या पातळीवर: व्यायामशाळेचा प्रमुख हेड कोचच्या पहिल्या तीन नेमणुकांत असायला हवा. मुलं वर्षातला जास्तीत जास्त वेळ त्याच्यासमोर असतात. एनसीएएचा नियम हंगामात आठवड्याला २० तास आणि एक सुट्टीचा दिवस असा आहे, बाहेरच्या काळात त्याहून बरंच कमी. एवढ्या वेळात प्रत्येक मुलाचं वजन, उचल, झोप, दुखापत यांची नोंद राहिली पाहिजे. ही नोंद ठेवायला, तिचे आलेख काढायला माणसं लागतात. संख्याशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांना आत शिरायला हे दार चांगलं आहे.

सहावी पायरी: थोडक्यात हरणं थांबवा

इथं मी जास्त रेंगाळणार आहे, कारण नेब्रास्काची सगळी व्यथा इथं आहे.

२०२१ चा हंगाम: ३ विजय, ९ पराभव. नऊच्या नऊ पराभव ९ किंवा त्याहून कमी गुणांनी. हंगामभराची बेरीज केली तर नेब्रास्काचे गुण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त होते! फ्रॉस्ट यांच्या पूर्ण कारकिर्दीत एका टचडाउनच्या, म्हणजे फार तर ८ गुणांच्या, आतल्या सामन्यांत ५ विजय, २२ पराभव. लोक याला दुर्दैव म्हणत. काही अंशी ते होतंही. पण २७ सामन्यांनंतर दुर्दैवाचा वाटा कमी आणि सवयीचा जास्त असतो.

मिशिगन स्टेटशी २०२१ मध्ये नेब्रास्का चौथ्या सत्रात पुढं होता. पंट, म्हणजे दूर मारलेली लाथ, ठरलेल्या बाजूच्या उलट गेली. नेब्रास्काचे सगळे रक्षक एका बाजूला आणि मिशिगन स्टेटचा जेडन रीड दुसऱ्या बाजूनं मोकळा धावत गेला. अधिक वेळेत २०-२३ पराभव. २०२२ मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ अशी आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी चेंडू परत मिळवण्याची छोटी लाथ मारायला लावली. ती फसली, सामना फिरला, २८-३१. आयोवाविरुद्ध २०१८, २०१९, २०२३ आणि २०२४ असे चार पराभव शेवटच्या क्षणांतल्या फील्ड गोलनं, म्हणजे लाथेनं मिळवलेल्या तीन गुणांनी, झाले. त्यातले शेवटचे दोन तर अगदी सारखे, १०-१३.

आणि २०२३. रूल यांचं पहिलं वर्ष, बचाव उत्तम, आठ सामन्यांनंतर ५-३. बोल सामन्याला एकच विजय हवा होता. उरलेले चारही हरले, प्रत्येक एका टचडाउनच्या आत. हंगामभरात चेंडू ३१ वेळा गमावला.

यावर उपाय भाषणांचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

रोजच्या सरावात प्रत्येक टर्नओव्हरची, म्हणजे चेंडू गमावण्याची, नोंद ठेवा: कुणी, कोणत्या हातात चेंडू असताना, किती थकलेला असताना. दर गुरुवारी ती यादी सगळ्यांसमोर वाचा, अपमान न करता. ओल्या चेंडूनं सराव करा, कारण नोव्हेंबरात लिंकनला ऊन नसतं. स्पेशल टीम्ससाठी, म्हणजे लाथा आणि त्यांचे परतावे सांभाळणाऱ्या तुकड्यांसाठी, स्वतंत्र पूर्णवेळ कोच ठेवा. नेब्रास्कानं २०२२ साठी बिल बुश यांच्याकडे ही जबाबदारी दिली. ती काही वर्षं आधी कुणाकडे तरी असायला हवी होती. सरावाच्या अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना, सगळ्या संघासमोर किकरला एकच लाथ मारू द्या. एकच, दुसरी संधी नाही. आठवड्यातून दोनदा ‘दोन मिनिटं शिल्लक, आपण चार गुणांनी पुढं’ अशी परिस्थिती मांडून घड्याळ लावा. आणि सामन्यात वेळ, टाइम-आउट आणि चौथ्या डाउनचा, म्हणजे चेंडू पुढं नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नाचा, निर्णय यांकडे बघणारा एक माणूस वरच्या खोलीत बसवा, ज्याचं ऐकायची हेड कोचला सवय आहे. नुसता माणूस नेमून भागत नाही. त्याचं ऐकण्याचा सरावही करावा लागतो.

सातवी पायरी: पैसा आणि वेळापत्रक

हे थोडक्यात. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट उत्पन्नाचा वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळ्या खेळांना मिळून. फुटबॉलचा वाटा ठरला की तो रेषेवर आणि क्वार्टरबॅकवर आधी खर्च करा, मग इतरांवर. इमारतींवर आणखी खर्च करायची नेब्रास्काला आता गरज नाही, नवी फुटबॉल इमारत झाली आहे. तुमच्याकडे सुविधा चांगल्या असतील, तर संगमरवरात एकही डॉलर घालू नका.

गटाबाहेरचे सामने ठरवताना पहिल्या दोन वर्षांत मोठी नावं टाळा. तरुण संघाला सप्टेंबरात दोन-तीन विजय लागतात, आणि त्यात कमीपणा नाही.

आठवी पायरी: लोकांशी खरं बोला

नेब्रास्काच्या प्रेक्षकांइतके निष्ठावान लोक मी या खेळात दुसरीकडे पाहिलेले नाहीत. त्यांना गोड बोलून झुलवणं हा त्यांचा अपमान आहे. ‘यंदा विजेतेपद’ असं बोलू नका. ‘यंदा रेषेवर तिसऱ्या वर्षाचे तीन खेळाडू असतील, टर्नओव्हर निम्मे झालेले दिसतील’ असं बोला. ते समजून घेतात, त्यांचे आजोबा हा खेळ बघत आले आहेत. जुन्या खेळाडूंना सरावाला बोलवा, मुलांशी गप्पा मारू द्या, पण ‘आमच्या वेळी’ हे वाक्य लॉकर रूमच्या भिंतीवर नको.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे फुटबॉलवाले फारसं बघत नाहीत. त्याच लिंकनमध्ये, त्याच थंडीत, त्याच छोट्या राज्यात मुलींचा व्हॉलीबॉल संघ देशातल्या पहिल्या ओळीत टिकून आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदं: १९९५, २०००, २००६, २०१५, २०१७. ३० ऑगस्ट २०२३ ला त्यांचा सामना मेमोरियल स्टेडियममध्ये भरवला, तेव्हा ९२,००३ प्रेक्षक आले, महिलांच्या खेळातला तो जागतिक उच्चांक ठरला. म्हणजे ‘नेब्रास्काला आता चांगले खेळाडू येत नाहीत, हवामान वाईट, जागा आडबाजूला’ ही सबब तिथंच खोटी ठरते. खेळ वेगळे आहेत, स्पर्धेचा पैसा वेगळा आहे, हे मान्य. तरी तुमच्या विद्यापीठात असा एखादा संघ असेल, तर त्याच्या कोचबरोबर एक दिवस बसा. भरती कुठून करता, मुलं टिकतात कशी, हरल्यावर सोमवारी काय करता, ते विचारा. सल्लागार कंपनीला पैसे देण्याआधी हे करा.

नववी पायरी: वर्षानुसार काय बघायचं

पहिल्या वर्षी विजय मोजू नका. निक सेबन यांच्या अलाबामानं २००७ मध्ये ७-६ असा हिशेब केला आणि घरच्या मैदानावर लुइझियाना-मनरोकडून १४-२१ हरले. दोन वर्षांनी तोच संघ १४-० आणि राष्ट्रीय विजेता. पहिल्या वर्षी बघायचं ते किती मुलं संघ सोडून गेली, व्यायामशाळेतले आकडे चढले का, आणि परीक्षेत मुलं पास होतात का. शैक्षणिक प्रगतीचा निर्देशांक ९३० च्या खाली गेला तर हंगामानंतरचा सामनाच हातचा जातो.

दुसऱ्या वर्षी थोडक्यात हरलेले सामने जिंकायला लागलेत का ते बघा. टेक्सास २०२१ मध्ये ५-७ होता, घरी कॅन्ससकडून ५६-५७ हरला होता. कोच स्टीव्ह सारकिशियन यांना वेळ दिला. २०२२ मध्ये ८-५, २०२३ मध्ये १२-२.

तिसऱ्या वर्षी बरोबरीच्या संघांविरुद्ध शेवटच्या सत्रातला गुणफरक बघा. ताकद वाढली असेल तर ती तिथं दिसते.

आणि तिसऱ्या वर्षी उडी बसली नाही तर? नेब्रास्कात तेच झालं आहे. २०२३ मध्ये ५-७, २०२४ मध्ये ७-६ आणि न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा बोल विजय, २०२५ मध्ये पुन्हा ७-६. टेंपल-बेलरसारखी तिसऱ्या वर्षाची झेप आली नाही. पण त्या झेपा पोर्टलच्या आधीच्या काळातल्या होत्या, जेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलं तिसऱ्या वर्षापर्यंत थांबत. माझं मत स्पष्ट आहे: हेड कोचला हात लावू नका, मिशिगननं २०२१ मध्ये केलं तसं त्याच्या भोवतीचं बदला. रेषेचे कोच, बचावाचा समन्वयक, भरतीचा प्रमुख, या जागा कठोरपणे तपासा आणि हेड कोचला त्यात हिशेब द्यायला लावा. २००३ आणि २०१४ चे निर्णय ज्या घाईनं झाले, त्या घाईला तिसऱ्यांदा जागा देऊ नका.

पुढच्या हंगामात नेब्रास्काचे, किंवा तुमच्या संघाचे, सामने बघायला बसलात तर धावफलकाआधी तीन आकडे वहीत लिहा. आक्रमक रेषेच्या पाच जणांचं एकूण वय. चेंडू गमावला किती वेळा आणि मिळवला किती वेळा. शेवटच्या सत्रात प्रत्येक धावेमागं मिळालेले यार्ड. सहा सामने झाल्यावर हे तीन आकडे मागच्या वर्षीच्या सहा सामन्यांशेजारी ठेवा, आणि मगच कोचबद्दल बोलायला सुरुवात करा.